तीन हजार सहाशे पासष्ट कूपनं

सोमवार, ३ फेब्रुवारी

अकाउंट्सच्या चाचणीत तीसपैकी अकरा. मॅडमनी उत्तरपत्रिका माझ्यापुढे पालथी ठेवली, म्हणजे दयाच केली. शेजारच्या बाकावरच्या मुलीला चोवीस. तिला आम्ही पेन्सिल म्हणतो — उंच, आणि बोलणं कायम टोकदार. माझा पेपर उलटून बघत म्हणाली, "अगं, तू सगळं उलटं लिहिलंयस. पण काय सुंदर अक्षरात!"

खरं आहे. गणितात एका गिऱ्हाइकाने वर्षभराचे पैसे आधीच दिले होते. मी ते उत्पन्नात घेतले. पैसे आले म्हणजे उत्पन्न, नाही का? समासात मॅडमचा लाल शेरा — "पैसे आले. काम झालं का?" काम झालं नसेल तर ते पैसे म्हणे देणं! आपल्या हातात आलेले, आपल्या गल्ल्यात ठेवलेले पैसे — आणि ते आपलंच देणं? पुस्तक उघडं असलं की थोडं कळल्यासारखं वाटतं. मिटलं की गेलं.

घरी सांगून टाकलं. लपवणं मला जमत नाही, पोटात दुखतं. आत्या कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "अकरा तर अकरा. आपल्या घरात आजवर कुणाला एक तरी मिळाला होता का?"

बाबांनी इस्त्री खाली ठेवून विचारलं, "पुढच्या वेळी किती लागतील?" मी म्हटलं, वीस. "मग नऊच कमी पडले की," म्हणाले, आणि परत इस्त्री उचलली — डाव्या हाताने. उजवा खांदा आज जास्त दुखत असणार.

बुधवार, ५ फेब्रुवारी

नावे आणि जमा यांचं अजून माझ्या डोक्यात जुळत नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलीने असं लिहू नये. पण ही वही माझी आहे.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे गेलो होतो. मी आणि बाबा. डॉक्टरांनी फोटो दिव्यापुढे धरला आणि पेनाने एक जागा दाखवली. "इथे घासलंय. सव्वीस वर्षं एकच हालचाल केलीत ना? आता इस्त्री बंद. कमी नाही — बंद." बाबा हसले. डॉक्टर हसले नाहीत.

येताना बाबा थांब्याजवळच्या बटणं-दोऱ्यांच्या दुकानापाशी उगाच रेंगाळले. त्या दुकानाचे म्हातारे मालक दुकान देऊन मुलीकडे राहायला जाणार आहेत. मालासकट एक लाख सत्तर हजार म्हणतात. बाबा म्हणाले, "बसून करायचं काम. रिळं मोजायची, बटणं मोजायची. ह्याला खांदा लागत नाही."

मग चालता चालता, माझ्याकडे न बघता — "कोपऱ्यावरचे धुलाई-मशीनवाले आपली लाँड्री घ्यायला तयार आहेत. एक लाख ऐंशी म्हणालेत. फक्त तीन वर्षांचा हिशेब लिहून मागतात. मी म्हटलं, मुलगी करून देईल."

मुलगी म्हणजे मी! तीसपैकी अकरावाली!

शनिवार, ८ फेब्रुवारी

मॅडमना विचारलं, सत्रअखेरच्या प्रकल्पासाठी खऱ्या धंद्याचा हिशेब चालेल का. वीस गुण आहेत त्याला. म्हणाल्या, "चालेल काय, धावेल. पण खऱ्या धंद्यात पुस्तकातल्यासारखी माहिती वर लिहून दिलेली नसते हं. शोधावी लागते."

मला वर लिहून दिलेलीच आवडते.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज दुकान बंद. मागच्या खोलीत सगळे कागद पसरून बसले. कागद म्हणजे काय — कोळशाच्या पावत्या एका तारेला, विजेची बिलं एका पिशवीत, साबणवाल्याची वही वेगळी. रोजची जमा बाबा कॅलेंडरवर लिहितात, तारखेच्या चौकोनात. तीन वर्षांची कॅलेंडरं जपून ठेवलीत! मला इतका आनंद झाला की मी त्यांना चहा करून दिला.

आईचा हिशेब कागदावर नाहीच. तिला वाचता येत नाही. ती कपड्याच्या आतल्या कडेला दोऱ्याची खूण घालते. प्रत्येक घराची खूण निराळी — दोन लाल टाके, एक निळा आडवा, पिवळा काटा. घरं किती असतील? पण आजवर एक रुमालसुद्धा चुकीच्या घरी गेला नाही. मी म्हटलं, आई, ह्या खुणांची यादी करून ठेवू या. ती म्हणाली, "कशाला? मी आहे की."

माझे कागद पसरले की ती पायाच्या बोटांवर चालते. ऑगस्टच्या अखेरीस तिने भट्टी पेटवायला माझ्या टिपणांची चार पानं घेतली होती — रद्दी समजून. मी रडून आकांत केला होता. जेवले नव्हते. आता लाज वाटते. तेव्हापासून घरातल्या कुठल्याही लिहिलेल्या चिटोऱ्याला ती हात लावत नाही. केरात पडलेला कागदसुद्धा आधी मला दाखवते. "हा तुझा?"

सोमवार, १० फेब्रुवारी

इस्त्र्यांचा घसारा काढला. एक नऊ वर्षांची, एक कधीची ते कुणालाच आठवत नाही. मोठा हंडा आणि भट्टी आजोबांच्या वेळची. बाबा शेजारी येऊन उभे राहिले. "हे काय?" मी सांगितलं, वस्तू वापरून झिजते, तिची किंमत दर वर्षी थोडी थोडी कमी करत जायची. "मग माझ्या खांद्याचा कुठे लिहिलास?"

आत्या खो खो हसली. मला हसू आलं नाही. मी खरंच पुस्तकात शोधलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आणखी एक घोळ. आईची आणि आत्याची मजुरी खर्चात धरायची का? त्या पगार घेत नाहीत. बाबाही घेत नाहीत. मॅडम म्हणाल्या, मालकाने स्वतःच्या घरखर्चासाठी काढलेले पैसे हा धंद्याचा खर्च नव्हे, ती उचल. आणि आत्या? मॅडमनी विचारलं, "तिला ठरलेला पगार आहे का?" नाही. "मग खर्च नाही."

म्हणजे तिघं पहाटेपासून राबतात आणि कागदावर त्यांचं काम दिसतच नाही! चूक पुस्तकाची की माझ्या समजण्याची? घरी हे सांगितलं तर आत्या म्हणाली, "म्हणजे मी फुकटची आहे हे आता कॉलेजातपण शिकवतात."

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

कूपनं!!

हे आधीच कसं सुचलं नाही? आमच्याकडे पन्नास कूपनांचं पुस्तक मिळतं. साडेतीनशेला. म्हणजे एका कपड्याचे सात. गिऱ्हाईक पैसे आधी देतं, मग कपड्यागणिक एक कूपन. आत्या गल्ल्यावर बसून कूपन फाडून घेते. आणि बाबा पुस्तक विकलं त्याच दिवशी अख्खे साडेतीनशे कॅलेंडरवर लिहितात.

पैसे आले. काम झालं का?

माझ्याच घरात होतं ते गणित! सव्वीस वर्षं! बसमध्ये हे सुचलं तेव्हा मी "अय्या" म्हणाले, मोठ्याने. पुढच्या सीटवरच्या बाईंनी वळून पाहिलं.

लोकांच्या हातात जेवढी कूपनं शिल्लक आहेत तेवढे कपडे आम्ही देणं लागतो. दुकान विकलं तर ते कपडे मशीनवाल्यांना फुकट धुवावे लागतील. त्यांना हे माहीत आहे का? बाबांना?

पहिल्यांदाच ह्या विषयातलं काहीतरी मला आरपार कळलं. आणि नेमकं हेच कळायला हवं होतं का?

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज वर्गात मालाची मोजदाद. मॅडम म्हणाल्या, "मोजणं हे निम्मं काम. ज्या वस्तू मोजता त्यांच्यापाशी कोण कोण जातं, काय करतं, हे विचारणं उरलेलं निम्मं." मी लाल शाईने चौकटीत लिहिलं. परीक्षेला येईल.

रविवार, १६ फेब्रुवारी

मोजली. दिवस गेला.

पुस्तक विकलं की त्याचं वरचं पान फाडून बाबा भिंतीतल्या खिळ्याला लावतात. तीन वर्षांची पानं — दोनशे बारा. म्हणजे दहा हजार सहाशे कूपनं विकली.

वापरलेली कूपनं भट्टीच्या खोलीत पत्र्याच्या दोन डब्यांत. एक गच्च, एक अर्धा. जमिनीवर चादर घालून दहा-दहाच्या चवडी केल्या, मग शंभराच्या. आत्या दारातून — "पत्त्यांचा डाव मांडलायस का गं?" मी विचारलं, आत्या, फाडलेली सगळी कूपनं तू ह्याच डब्यांत टाकतेस ना? एकही बाहेर नाही? ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मग काय खाते?"

सहा हजार नऊशे पस्तीस. पुन्हा मोजली — सहा हजार नऊशे पस्तीस! दोन्ही वेळा तेच आलं, माझ्या आयुष्यात असं क्वचितच होतं.

वजा करून तीन हजार सहाशे पासष्ट कूपनं लोकांच्या हातात. गुणिले सात — पंचवीस हजार सहाशे पंचावन्न.

एवढं देणं. आमच्या कॅलेंडरवर त्याचा मागमूस नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

पेन्सिलला आकडे दाखवले. ती डबा खाता खाता म्हणाली, "गिऱ्हाइकं किती आहेत कूपनवाली?" अडतीस घरं. आईने बोटांवर मोजून सांगितलं होतं. पेन्सिलने तोंडातल्या तोंडात भागाकार केला. "म्हणजे प्रत्येक घरात शहाण्णव कूपनं पडून? जुनं पुस्तक संपायच्या आत लोक नवं घेतात?"

घेत नसावेत. किंवा घेत असतील? मी कधी पाहिलं नाही. सकाळची बस पावणेसहाची, परत यायला दुपार टळते, मग अभ्यास. दुकानात मी नसतेच.

इथे काहीतरी चुकतंय. पण काय? बेरीज पुन्हा केली. वजाबाकी पुन्हा केली. गुणाकार. सगळं बरोबर आहे! बरोबर असूनही चुकल्यासारखं का वाटतं?

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आईला विचारलं, लोक पुस्तकं संपवतात का? ती चादरी पिळत होती, दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "कुणी संपवतात, कुणी हरवतात. त्या शिक्षिकाबाईंनी दोनदा हरवलं. आपण विचारतो थोडंच."

हरवतात! मग बरोबर. हरवलेली कूपनंही शेवटी शिल्लकच. पुस्तकात ह्यावर अख्खा परिच्छेद आहे — गिऱ्हाईक जे कधी मागायलाच येणार नाही त्याचा अंदाज कसा बांधायचा. पण त्याला आधीच्या वर्षांची आकडेवारी लागते. ती माझ्याकडे नाही. आकडेवारी नसताना मनाने अंदाज धरायचा म्हणजे स्वतःच्या सोयीने धरायचा. नको. पूर्ण आकडा दाखवायचा.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सांगितलं. आज घरी सगळ्यांसमोर सांगितलं, पोट दुखायच्या आत.

मग आत्या — "एवढं काय त्यात. लिहू नकोस. कॅलेंडरवर नाही, मशीनवाल्याने विचारलं नाही. तुझं तोंड काय भाड्याने दिलंयस?"

मी म्हटलं, मग दुकान त्यांच्याकडे गेल्यावर लोक कूपनं घेऊन येतील, ते नाही म्हणतील. लोक बाबांना विचारतील.

"विचारू देत. बाबा तोवर बटणं विकत असतील."

आई म्हणाली, "आकडा खरा आहे का पण?" मी म्हटलं, दोनदा मोजलंय आई. माझ्या मोजण्यावर तिचा फार विश्वास आहे. कधी कधी त्याची भीती वाटते.

बाबांनी उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. तसंच करतात हल्ली. म्हणाले, "लिही. लोकांचे कपडे आहेत. धुतो म्हणून पैसे घेतलेत."

शनिवार, २२ फेब्रुवारी

ताळेबंद जुळला. दोन्ही बाजू शेवटच्या आकड्यापर्यंत सारख्या. "गिऱ्हाइकांची आगाऊ रक्कम — २५,६५५." देण्याच्या बाजूला. सुबक दिसतं. बघत बसले.

जुळला म्हणजे बरोबरच असतो का? मॅडमना विचारायचं राहिलं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

मशीनवाले आले होते. जाड, मनमिळाऊ माणूस. बसताना खुर्चीला आधी "सांभाळ गं बाई" म्हणतात. माझे कागद चष्मा वर सरकवून एकेक करून पाहिले. कूपनांच्या ओळीवर बोट थांबलं.

"हे तू स्वतःहून काढलंस?"

हो.

"कुणी विचारलं नव्हतं?"

नाही.

बाबांकडे वळून म्हणाले, "पोरगी माझ्याकडे नोकरीला द्या, लाँड्री राहू दे." सगळे हसले. मग ते हसायचे थांबले. म्हणाले, कपडे मी धुईन, लोकांना नाही म्हणणार नाही. पण साडेतीन हजारांवर कपडे फुकट धुवायचे म्हणजे माझा साबण, माझी वीज, माझी माणसं. वर गेल्या तीन वर्षांचा नफाही तेवढा कमीच धरायला हवा. "तीस कमी करा. एक पन्नास."

एक लाख पन्नास! बटणांचं दुकान एक सत्तर.

बाबांनी घासाघीस केली नाही. मान हलवली. मशीनवाले जाता जाता म्हणाले, "आणि मला इस्त्रीला जुना हात हवाच आहे. माझ्याकडे या. रोजंदारी ठरवून देतो. ओळखीचं काम."

ओळखीचं काम. मी दाराशी उभी होते. डॉक्टरांचं पेन डोळ्यांपुढे आलं, ती एक जागा दाखवणारं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

बाबा बटणांच्या मालकांकडे जाऊन आले. वीस हजार मागाहून दिले तर चालतील का, म्हणून. नाही चालणार. तेही मुलीच्या घरी रिकाम्या हाताने कसे जातील. बाबा म्हणतात, "त्यांचंही बरोबर आहे." बाबांना सगळ्यांचंच बरोबर वाटतं.

शनिवार, १ मार्च

आत्या माझ्याशी चार दिवस धड बोलत नाही. ताट पुढे सरकवते आणि भिंतीला सांगते — "हिशेबनीसबाईंना वाढलंय."

रविवार, २ मार्च

मी चूक केली का? खरं सांगितलं ते चूक कसं? मग सगळं उलटं का झालं? मी शिकावं म्हणून बाबांनी इस्त्री केली. मी शिकले, आणि आता मी शिकले म्हणूनच बाबा इस्त्री करणार — दुसऱ्याच्या दुकानात, रोजंदारीवर, त्या खांद्याने.

लिहिलं नसतं तर? अडतीस घरांची फसवणूक. लिहिलं तर एक खांदा. हे कुठल्या बाजूला मांडतात?

दुपारभर पुस्तक उघडं ठेवून बसले. एक ओळ वाचली नाही. आईने येऊन केस विंचरले. लहान असताना विंचरायची तसे, ओढून. म्हणाली, "तू खोटं केलं असतंस तर तुलाच झोप लागली नसती. मग मी दोघांच्या उशापायथ्याशी बसले असते." मी म्हटलं, आई, तुला माझा राग नाही आला? "कसला राग. मला त्यातलं काय कळतं. तू मोजलंस ना, मग झालं."

मंगळवार, ४ मार्च

प्रकल्प परत मिळाला. वीसपैकी अठरा!

आगाऊ रकमेच्या नोंदीखाली मॅडमनी लिहिलंय — "उत्तम. हे फार कमी जणांना दिसतं." दोन गुण का गेले? कूपनांच्या मोजणीच्या पानावर एक प्रश्नचिन्ह. नुसतंच. मी तासानंतर विचारायला गेले तर मॅडम घाईत होत्या. जिन्यावरूनच म्हणाल्या, "तू फक्त डबा मोजलास. डब्याबद्दल कुणाकुणाशी बोललीस ते लिहिलं नाहीस."

आत्याशी बोलले होते की! लिहायचं राहिलं. दोन गुण गेले त्याचं हळहळावं इतकी मी क्षुद्र आहे का? आहे. दहा मिनिटं हळहळले.

घरी अठरा सांगितले. बाबांनी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितले. एका आजोबांना तर दोनदा — एकदा धोतर घेताना, एकदा पैसे देताना.

बुधवार, ५ मार्च

शुक्रवारी अकरा वाजता वकिलांकडे सह्या. सोमवारपासून बाबा मशीनवाल्यांकडे. त्यांनी सदरा शिवून घेतलाय म्हणे कामगारांना, खिशावर दुकानाचं नाव. बाबांचं माप घेऊन गेले.

गुरुवार, ६ मार्च

उद्या कॉलेजला जाणार नाही. बाबा म्हणाले, कागद वाचून दाखवायला तू हवीस. आई रोजच्यासारखी भट्टी पेटवणार आहे. "शेवटचा हंडा तरी नीट उकळू दे," म्हणते. ऑगस्टनंतर कामाच्या दिवशी मी सकाळी घरी असण्याची ही पहिलीच वेळ. रोज मी जाते तेव्हा भट्टी थंड असते, येते तेव्हा राख झालेली.

शुक्रवार, ७ मार्च

घाईत लिहितेय. अक्षर वाईट येणार.

सातला भट्टीच्या खोलीत गेले. आई कोळशापुढे उकिडवी बसली होती. शेजारी पत्र्याचा डबा उघडा. तिने हात घातला, मूठभर कूपनं काढली, चुरगाळून कोळशाखाली सारली, आणि काडी ओढली.

मी म्हटलं, आई, हे काय?

"तुझे कागद नको म्हणालीस ना तू. तेव्हापासून ह्यातले घेते. ह्यांचं काम झालेलं असतं."

रोज?

"रविवार सोडून. ओला कोळसा कागदाशिवाय धरत नाही गं."

मी ओरडले नाही. पहिल्यांदाच नीट विचारलं — आई, रोज किती घेतेस? तिने पुन्हा मूठ भरली आणि माझ्यापुढे उघडली. मोजली. अठरा. ऑगस्टच्या अखेरीपासून मी डबे मोजले त्या रविवारपर्यंत साडेपाच महिने — म्हणजे अडीच हजारांवर कूपनं भट्टीत गेली. लोकांच्या हातात साडेतीन हजारांवर नाहीतच. हजाराच्या आसपास असतील. सात-साडेसात हजारांचं देणं. एक ऐंशीतून तेवढं वजा केलं तरी एक सत्तरच्या वर उरतात.

पण मूठ हा पुरावा नाही. ह्या वेळी नुसती वजाबाकी करून चालणार नाही. अडतीस घरी जाऊन प्रत्येकाचं पुस्तक बघायला हवं. बाबा वकिलांकडे गेलेत, दोन दिवस थांबा म्हणून सांगायला. आत्या गल्ल्यावर बसून हसतेय की रडतेय कळत नाही.

आई पायात चपला घालतेय. म्हणते, "तू वही धर. घरं मी सांगते."